दुसरा भोंगा

समितीचं काम तसं साधं होतं. स्मारकावरचा जुना भोंगा उतरवायचा, नवा चढवायचा आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा वाजवून दाखवायचा. भोंगेशेठनी अशी कामं तीस वर्षांत शेकड्यांनी केली होती. शाळांच्या घंटा, कारखान्यांचे भोंगे, बँकांचे गजर, सगळं त्यांच्याच दुकानातून जायचं. एका अग्निशमन केंद्राच्या प्रमुखानं त्यांना एकदा गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं, "शेठ, ऐकून दचकायला होणार नाही असा भोंगा द्या." "मग साहेब, आग लागली की लोकांना पत्रच टाका ना," असं म्हणून शेठनी त्याला नेहमीचाच भोंगा दिला, आणि वर गिऱ्हाईकही टिकवलं.

तर त्या दिवशी सकाळी साडेदहाला शेठ स्मारकापाशी पोचले. स्मारक म्हणजे डोंगराच्या पोटातला एक बुजवलेला बोगदा. तोंडावर घडीव दगडांची भिंत, भिंतीवर एकोणीस नावं, पुढे फरसबंद चौक. पन्नास वर्षांपूर्वी देशाच्या स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव होता आणि त्या मुहूर्तावर डोंगरातून रेल्वे काढायची होती. शेजारी शेजारी दोन बोगदे चालले होते. त्यातला एक खचला आणि एकोणीस मजूर आत राहिले. दुसरा वेळेवर पुरा झाला, गाडी धावली. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, देशभर भोंगा वाजतो. लोक जिथे असतील तिथे उभे राहतात. एक मिनिटानं दुसरा भोंगा वाजतो आणि सगळे पुन्हा कामाला लागतात. धोका माहीत असूनही देशासाठी स्वतःहून आत गेलेले एकोणीस वीर, हा धडा चौथीच्या पुस्तकात होता. शेठनाही तो पाठ होता.

"एक मिनिट नको," समितीचे कार्यवाह म्हणाले. शिट्टी गळ्यात अडकवून हिंडणारा, घाईचा माणूस. "उद्या टीव्हीवर थेट दाखवणार आहेत. अर्ध्या मिनिटात दुसरा भोंगा, की लगेच गाणं. लोकांना कंटाळा येतो हो."

"तुम्ही म्हणाल तसं लावतो," शेठ म्हणाले. "आज मात्र एक मिनिटावरच तपासू. टायमर कारखान्यातून तसाच आलाय."

चौकात एका खुर्चीवर बाई बसल्या होत्या. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला होता. एकोणीस नावांतलं सातवं नाव त्यांच्या वडिलांचं. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या.

"काय रे, अजून शिसपेन्सिल तोंडात धरून काम करतोस का?" बाईंनी विचारलं. शेठ त्यांचे विद्यार्थी. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण बाईंसमोर पेन्सिल चघळणारा मुलगाच.

"आता वायर धरतो, बाई. बढती झाली."

बाई हसल्या. शेठनी कळ दाबली.

पहिला भोंगा वाजला, डोंगरावर आदळून परत आला आणि विरला. चौकात मांडव बांधणारे सात-आठ कामगार होते. ही नुसती तालीम आहे हे त्यांना माहीत होतं. तरीही सगळे जागच्या जागी थांबले. एकाचा हातोडा हवेत राहिला. लहानपणापासूनची सवय, ती काय सहजासहजी जाते?

शेठ मनात आकडे मोजत होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

दुसरा भोंगा वाजला नाही.

सत्तर. ऐंशी. शेठनी टायमरकडे पाहिलं. काटा साठावर येऊन थांबला होता, लाल दिवा जळत होता. आणि कोणी हलत नव्हतं. दुसरा भोंगा ऐकल्याशिवाय हलायचं नसतं, एवढंच प्रत्येकाला ठाऊक. एका मिनिटाच्या पुढची शांतता या गावात पन्नास वर्षांत कोणी ऐकलीच नव्हती. ती वेगळीच होती. आधी पाखरं गप्प झाली. मग मांडवाच्या कापडाची फडफड थांबली. मग ओल्या सिमेंटचा वास आला... नुकतंच कालवलेलं, गार, घशाशी बसणारं सिमेंट. जवळपास कुठेही बांधकाम चालू नव्हतं.

आणि मग ते आलं.

टक. टक. टक.

टायमरमधली पट्टी कुठेतरी अडकून आपटत असेल, असं शेठना वाटलं. धंद्यातला माणूस, त्याचा हात आधी यंत्राकडेच जाणार. त्यांनी वायर उपसली. लाल दिवा विझला.

टक. टक. टक.

दम खाल्ल्यासारखी मध्ये थोडी फट, आणि पुन्हा तीन. आवाज भिंतीतून येत होता. भिंतीच्या आतल्या बाजूनं.

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. "ऐकलंस...?" त्या इतक्या हळू बोलल्या, की शेठना ते ओठांवरूनच कळलं.

"झालं, झालं!" कार्यवाहांनी शिट्टी फुंकली. "बघत काय बसलात? चला कामाला!" त्यांचा आवाज मोठा होता, पण चेहरा चुन्यासारखा झाला होता. हातोडे पुन्हा चालू झाले आणि त्या आवाजात तो आवाज बुडून गेला.

दुकानात आणून शेठनी टायमर बारा वेळा तपासला. बाराही वेळा बरोबर साठाव्या सेकंदाला वाजला. यंत्रात काडीचाही दोष नव्हता.

दुपारी घरी जेवायला बसले. समोर अप्पा होते, शेठचे वडील, बहात्तर वर्षांचे. बोगदा खचला तेव्हा त्याच कामावर भोंगा वाजवायला होते. पुढे स्मारक झालं, तेव्हा तिथला भोंगाही चाळीस वर्षं त्यांनीच वाजवला. साठाव्या सेकंदाला त्यांचा अंगठा खाली जायचा म्हणजे जायचाच. एक वर्ष अंगात ताप होता, तरी दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. वक्तशीरपणाबद्दल सरकारनं त्यांना ढाल दिली होती. ती त्यांनी माळ्यावर टाकून दिली, याचं घरात सगळ्यांना नवल वाटायचं.

"अप्पा, आज तिथे दुसरा भोंगा वाजलाच नाही."

अप्पांचा हात ताटातच थांबला.

"आणि मग एक आवाज आला. भिंतीतून..."

"तीन," अप्पा म्हणाले. "मग दम खाऊन पुन्हा तीन."

"तुम्हाला कसं माहीत?"

अप्पांनी ताट बाजूला सारलं.

"ती शांतता श्रद्धांजलीची नव्हती रे," ते म्हणाले. "कधीच नव्हती. खचलं त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट. चार दिवस आम्ही दगड उपसत होतो. मोठे साहेब राजधानीतून आले. म्हणाले, इथे खणत बसलात तर शेजारचा बोगदाही खचेल, रौप्यमहोत्सव तोंडावर आलाय. मजूर ऐकेनात. आत आमची माणसं जिवंत आहेत, म्हणाले. तेव्हा साहेब म्हणाले, ठीक आहे, एक मिनिट सगळी यंत्रं बंद करा. सगळे गप्प राहा. कान द्या. आतून काही ऐकू आलं तर खणू. नाही आलं तर भिंत घालू. पहिला भोंगा म्हणजे गप्प व्हा. दुसरा भोंगा म्हणजे ऐकून झालं. एवढाच अर्थ होता त्याचा."

"आणि...?"

"मी ढिगाऱ्याजवळच होतो. बटण माझ्या हातात. पंचावन्न सेकंद काहीच नाही. मग आलं. तीन टकटक. अगदी हळू. थकलेल्या माणसानं मारल्यासारखी. मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनीही ऐकलं होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. ते म्हणाले, 'मिनिट झालं. दाब.'"

शेठनी हातातला घास ताटात ठेवला.

"आणि तुम्ही दाबलात."

"बावीस वर्षांचा होतो मी. भ्यालो. दाबला." अप्पा म्हणाले. "पुढच्या वर्षी त्यांनी त्याचंच स्मारक केलं. तीच वेळ, तेच एक मिनिट. देशानं रीत धरून ठेवली आणि तिचा अर्थ सोडून दिला. चाळीस वर्षं मी साठाव्या सेकंदाला दाबत राहिलो, लोकांना वाटायचं काय शिस्तीचा माणूस! एकसष्टाव्या सेकंदाला काय ऐकू येईल, त्याची भीती वाटायची रे मला..."

शेठना राग आला होता. लहानपणापासून या माणसाचा अभिमान बाळगला होता त्यांनी. पण समोर बसलेला म्हातारा दोन्ही हातांनी कान झाकून घेत होता, थंडीत कुडकुडणाऱ्या पोरासारखा. राग कुठल्या कुठे गेला. शेठनी त्यांचे हात हलकेच कानांवरून काढले.

"उद्या मला घेऊन चल," अप्पा म्हणाले. "टायमर लावू नकोस. बटण माझ्या हातात दे."

दुसऱ्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. मंत्री होते, कॅमेरे होते, गाणारी मुलं रांगेत उभी होती. भोंग्याच्या पेटीशी अप्पांना बघून कार्यवाह खूश झाले. "वा! जुने जाणते! अर्धं मिनिट हं अप्पा, लक्षात आहे ना?"

"आहे लक्षात सगळं," अप्पा म्हणाले.

अकरा दहाला पहिला भोंगा झाला. हजारो माणसं एकदम गप्प झाली.

तीस सेकंद झाले. कार्यवाहांनी हातानं खूण केली. चाळीस. ते वाकून अप्पांच्या कानाशी आले. "दाबा ना..."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"अहो, देश बघतोय! दाबा!"

"एकदा घाई केली होती," अप्पा पुटपुटले. "आज जरा थांबू."

कार्यवाहांनी पेटीकडे हात घातला. शेठ मध्ये उभे राहिले. साठ सेकंद झाले. शेठना अप्पांचा अंगठा बटणाच्या जरा वर दिसत होता, चाळीस वर्षांच्या सवयीनं खाली जायला बघणारा. त्यांनी आपला तळहात त्या अंगठ्याखाली सरकवला. अंगठा जोरानं खाली आला आणि शेठच्या हातावर टेकला.

सत्तर. ऐंशी. तो वास आला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले.

टक. टक. टक.

कोणी किंचाळलं नाही. मंत्र्यांचा हात छातीवरून हळूहळू खाली आला. मागच्या लोकांना काय झालं ते कळत नव्हतं, तरी तेही हलले नाहीत. मग बाई पुढे आल्या. भिंतीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसल्या, पायाशी पडलेला एक गोटा उचलला आणि भिंतीवर मारला. तीनदा.

आतली टकटक थांबली. एक क्षण, दोन क्षण. मग ती एवढ्या जोरात, एवढ्या घाईनं सुरू झाली, एका जागेवरून नाही, सगळ्या भिंतीभर, की दगडांच्या सांध्यांतून भुकटी गळायला लागली.

"आलो हं..." बाई भिंतीला गाल लावून म्हणत होत्या. "आलो आम्ही. उशीर झाला, पण आलो..."

खणा असा हुकूम कोणी दिला नाही. मांडववाल्या कामगारांनी पहारी आणल्या, मंत्र्यांच्या गाडीचा चालक कोट काढून पुढे झाला. दुपारी तीनला भिंत फुटली. आत एकोणीस जण होते, हाडांच्या रूपानं, भिंतीला टेकून ओळीनं बसलेले. बाईंनी वडिलांना पट्ट्याच्या बकलावरून ओळखलं. भिंतीच्या आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, दगडात एकोणीस खळगे पडले होते. खणणाऱ्यांतल्या एका गवंड्यानं एकात हात घातला, तो मनगटापर्यंत गेला. "चार-आठ दिवसांत एवढं पडत नाही," तो म्हणाला. "याला पन्नास वर्षं लागतात." खळग्यांखाली दगडाची पांढरी भुकटी साचली होती. त्या बुजलेल्या, ओलसर जागेत ती कोरडी होती. कालपरवाची असावी तशी.

धडा बदलला. नवा धडा बाईंनीच लिहिला, सव्वा पानाचा, त्यात 'वीर' हा शब्द एकदाही नाही. अप्पा पुढे चार महिने जगले आणि त्या चार महिन्यांत ढाराढूर झोपले. आता देशभर त्या दिवशी एकच भोंगा वाजतो. किती वेळ कान द्यायचा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

शेठकडे मागण्या वाढल्या. जुन्या खाणींची गावं, बंदरं, तुरुंग, सगळीकडून एकच मागणं, भोंगा द्या, दुसऱ्या भोंग्याची सोय नको. धंद्याच्या दृष्टीनं चांगलंच होतं म्हणा. पण शेठ प्रत्येकाला विचारायचे, तुमच्याकडे काय झालं होतं? आणि प्रत्येकाकडे काहीतरी सांगायला असायचं.

परवा सकाळी दूरच्या एका छोट्या गावातून फोन आला. भोंगा एकच हवा, लवकर हवा. शेठनी पत्ता लिहून घेतला.

"स्मारक कशाचं आहे तुमच्याकडे?"

"स्मारक नाही हो."

"मग पूर्वी काही कोसळलं होतं? आग, पूर?"

"नाही. जुने कागद पाहिले, म्हाताऱ्यांना विचारलं. आमच्या गावात कधीच काही घडलेलं नाही."

"मग भोंगा कशाला?"

पलीकडचा माणूस आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "सांगतो... पण एक मिनिट थांबा. वाजला, बघा..."

शेठ फोन कानाला लावून उभे राहिले. पलीकडे एक सायकलची घंटा, कोणाचं तरी हसणं, लांबचा कुत्रा, एकेक करून सगळं गप्प होत गेलं.

त्या गावाला पाठवायचा भोंगा अजून शेठच्या समोर, दुकानाच्या फळीवर होता.