डाव्या हाताच्या कुशीत

"चारच्या आत खड्डा बुजला पाहिजे. उद्या इथे तलवारबाजीचा मंच आहे," व्हायकिंग जत्रेचा आयोजक हालवार्ड म्हणाला. एल्ड्रिडच्या काकांनी जेसीबी सुरू केला.

बारा वर्षांची एल्ड्रिड चाळलेल्या मातीच्या ढिगाशी उभी होती. सुट्टी लागल्यापासून ती आणि धाकटा भाऊ स्वेर्रे उत्खननप्रमुख गुद्रुनच्या हाताखाली चाळणी धरत होते. फ्योर्डच्या खाडीकाठच्या या शेतात हजार वर्षांपूर्वीचा एक पुरुष सापडला होता, शेजारी तलवार. त्याची हाडं कालच संग्रहालयात गेली. आता एल्ड्रिडच्या तळहातावर बोटाच्या पेराएवढा, चिमुकले दात असलेला जबड्याचा तुकडा होता.

"कोंबडीचा असेल," स्वेर्रे म्हणाला.

"कोंबडीला दात असतात का रे, शहाण्या?"

तिला सांगाड्याचा डावा हात आठवला. कोपरात वाकलेला. ढाल धरली असणार, असं सगळे म्हणाले होते. पण ढालीचा एक खिळाही मिळाला नव्हता, आणि तलवार मिळाल्यावर त्या बाजूची माती कुणी पुरती काढलीच नव्हती.

ती हालवार्डकडे धावली. "त्या माणसाच्या कुशीत बाळ होतं!"

"योद्धा होता तो पोरी, दाई नव्हे," हालवार्ड हसला आणि त्याने काकांना खूण केली.

"गुद्रुनला फोन लाव. उचलेपर्यंत लावत राहा," भावाला सांगून एल्ड्रिड खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली. जेसीबीचं मातीने भरलेलं फावडं तिच्या डोक्यावर येऊन थबकलं. ढेकळं खांद्यावर पडली. ती हलली नाही.

"हो बाजूला!" हालवार्ड ओरडला.

काकांनी यंत्र बंद केलं. "वेड लागलंय का तुला?"

"काका, तुमच्या तान्ह्या ऐनारला झोपवताना तुमचा हात कसा असतो?"

काकांनी नकळत डावा हात दुमडला. क्षणभर ते त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

अर्ध्या तासात गुद्रुन धापा टाकत आली. खड्ड्यात उतरून तिने कुंचल्याने माती सारली. जिथे कोपर होतं, तिथेच चेंडूएवढी कवटी दिसली.

"हा बाप असेल त्याचा?" स्वेर्रेने हळूच विचारलं.

"बाप, मामा, आजोबा... कदाचित कळणारही नाही. पण ज्यांनी तलवार ठेवली, त्यांनीच बाळही याच्या हातात दिलं." गुद्रुनने एल्ड्रिडकडे पाहिलं. "मी तलवारच बघत बसले. तू हात पाहिलास."

मंचासाठी रोवलेले खांब हालवार्ड स्वतःच उपटायला लागला.