रिकाम्या खोलीचा आवाज

सात रस्ता चौकातल्या दुकानातून माइकचा स्टँड घेऊन देवयानी रिक्षात बसली तेव्हा बारा वाजायला आले होते. ऊन असं की रिक्षाच्या दांड्याला हात लागला तरी पोळावा. पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. मांडीवरचा खोका तिनं दोन्ही हातांनी जपून धरला होता.

"काय हाय ताई खोक्यात?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"माइकचा स्टँड. घरी गाणी रेकॉर्ड करायचीत."

"भजनं व्हय?"

"इंग्रजी," ती म्हणाली आणि स्वतःच लाजली.

"लई भारी की!" त्यानं हॉर्न वाजवून दाद दिली.

बारावीत असताना एका कॅसेटवर तिला ती गाणी सापडली होती. गिटार घेऊन ओरडणाऱ्या, नव्वदच्या दशकातल्या बँडची. त्यात गोडवा नव्हता. घसा खरवडून कुणीतरी आतलं काहीतरी बाहेर काढतंय असं वाटायचं. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण पोटात पोचायचे. पुढं लग्न झालं, शाळेच्या ऑफिसात कारकुनी लागली, मुलगी वैदेही शिकून पुण्याला गेली, तरी पोळ्या लाटताना तिच्या ओठांवर तीच गाणी. मुलीनं टाकून दिलेल्या गिटारवर ती तीच गाणी हळू, साधी करून वाजवायची.

आणि मागच्या महिन्यात गळ्यात गाठ निघाली. गुरुवारी ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, "बोलाल. गाण्याचं मात्र आज सांगता येत नाही." आज शनिवार. म्हणजे हातात पाच दिवस आणि मनात चार गाणी.

"डॉक्टरांनी घसा जपायला सांगितलाय," शरच्चंद्र, तिचे यजमान, स्टँड जोडून देताना पुटपुटले.

"जपूनच ठेवतेय की. कायमचा."

"शेजारचे विचारतात, वहिनी दुपारी कुणाला रागावतात?"

"तुम्हांलाच, म्हणून सांगा!"

मागच्या गल्लीत यंत्रमाग होते. त्यांची खटखट दिवसभर भिंतीतून यायची. फक्त जेवणाच्या सुट्टीत, एक ते दोन, माग थांबायचे. तेवढाच तास तिचा. आतल्या छोट्या खोलीत तिनं चारही भिंतींवर, दारावर, खिडकीवर चादरी टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. सोलापुरात चादरींना काय तोटा! पंखा बंद. आत कोऱ्या सुताचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास दाटलेला. घाम हनुवटीवरून गिटारवर टपकायचा. पण तिला इतकी हुशारी वाटत होती, जणू सतराव्या वर्षात परत गेलो आपण.

फोनवरून वैदेही शिकवत होती. "आई, आधी एक मिनिट नुसती रिकामी खोली रेकॉर्ड कर. कुणी आत थांबायचं नाही. मग लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅमला ते ऐकवायचं आणि सांगायचं, हा आवाज जिथं जिथं असेल तिथनं पुसून टाक. गाणं स्वच्छ होतं."

देवयानीनं बटण दाबलं, दार ओढलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. शरच्चंद्रांनी भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. मिनिट झालं. मग तिनं पहिलं गाणं म्हटलं, आणि असं म्हटलं की शेवटचा सूर विरल्यावर तिच्या अंगावर शहारा आला. झालं! आयुष्यात एकदा तरी झालं!

तिनं वैदेहीनं सांगितल्याप्रमाणे आवाज पुसला आणि कानाला हेडफोन लावले.

गिटार होती. तार अन् तार स्पष्ट. गाणं नव्हतं.

"तू त्या मिनिटात गुणगुणली असशील," वैदेही म्हणाली.

"मी स्वयंपाकघरात होते गं. बाबा साक्षीला आहेत."

दुसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. रिकाम्या खोलीचा आवाज म्हणून जे जे पुसलं जात होतं, त्यात तिचा गळा जात होता.

"आई, ते रिकामं मिनिटच मोठ्या आवाजात ऐक बघू."

तिनं ऐकलं. आधी नुसती सळसळ. मग त्या सळसळीखाली, चादरींच्या पलीकडून यावं तसं... कुणीतरी गात होतं. तिचाच आवाज. पण त्यात खरखर नव्हती, वरच्या सुराला तडा नव्हता. आणि गाणं पहिलं नव्हतं. ती उद्या म्हणणार होती ते होतं.

भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही. पण त्याच्याही वर काहीतरी उसळून आलं. तिनं नवऱ्याला ओढत आणलं.

त्यांनी ऐकलं आणि हेडफोन हळूच खाली ठेवले. "तूच आहेस. पण... तू तर माझ्याजवळ उभी होतीस."

"अहो, म्हणजे आवाज जाणार नाही माझा! कुठंतरी राहतोय तो!"

"देवयानी, बंद कर हे."

तिनं बंद केलं नाही. रविवारी, सोमवारी, मंगळवारी, माग थांबले की ती आत. आधी रिकाम्या मिनिटातलं खोलीचं गाणं ऐकायचं, मग खोलीनं म्हटलं तसं आपण गायचं, आणि पुसायचं काही नाही. इतकं सुंदर ती कधीच गायली नव्हती. संध्याकाळी घसा सुजायचा, पाणी उतरायचं नाही, तरी ती हसत असायची. वैदेहीला मात्र तिनं आता काही कळवलं नाही. चौथं गाणं पुरं झालं तेव्हा ती एकटीच खोलीत टाळ्या वाजवत नाचली.

बुधवारी ती गिटार न घेता आत गेली. बटण दाबलं आणि माइकजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणाली, "उद्यापासून माझा आवाज सांभाळशील?"

दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरातलं मिनिट फार लांबलं. मग तिनं ऐकलं. तिचा प्रश्न. दाराची कडी. सळसळ... बराच वेळ सळसळ. मग अगदी कानाशी, तिच्याच आवाजात:

"हो... दे."

गुरुवारचं ऑपरेशन झकास झालं. गाठ साधी होती. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "एकदम स्वच्छ. बोला आता."

देवयानीनं तोंड उघडलं. नुसता वारा आला.

महिना गेला. डॉक्टरांना कारण सापडेना. ती पाटीवर लिहून बोलू लागली. शरच्चंद्र वाचायचे, मान हलवायचे. त्यांच्या थट्टेला उलट थट्टा नाही, हाकेला ओ नाही. माग थांबले की घरात इतकी शांतता व्हायची की ते उगाच रेडिओ लावायचे आणि बंद करायचे.

एका दुपारी ती त्यांना ताट वाढत होती. आतल्या बंद खोलीतून हाक आली, "अहो... ऐकलं का?"

"काय गं?" ते सवयीनं म्हणाले.

मग त्यांनी वर पाहिलं. देवयानी समोर उभी होती, हातात आमटीची वाटी. वाटी ठेवून तिनं पाटी ओढली आणि लिहिलं, 'जाऊ नका.'

त्या दिवशी ते गेले नाहीत.

पण माणूस किती दिवस मन आवरणार? दुसऱ्या आठवड्यात ते चादरी काढतो म्हणून आत गेले आणि चादरी न काढताच बाहेर आले. डोळे ओले होते, चेहरा उजळला होता. मग रोज, जेवण झालं की, "जरा पडतो आत."

परवा माग थांबल्यावर ती दाराशी गेली. आत दोघं बोलत होती. ते शेजाऱ्यांचं काहीतरी सांगत होते, आणि ती, देवयानीचाच गळा, मोकळं हसत होती. इतकं त्यांनी देवयानीला वर्षानुवर्षं हसवलं नव्हतं. देवयानीनं दारावर हात आपटला. पुन्हा आपटला. हाक मारायला तोंड उघडलं, वारा आला.

आतलं हसू थांबलं.

"कोण आहे हो?" तिच्या आवाजात कुणीतरी विचारलं.

थोडा वेळ सळसळ. मग शरच्चंद्र म्हणाले, "कुणी नाही गं. तू गा."