चौथी टाकी

“या चौथ्या टाकीचं कामही तुमच्याकडेच का?” तिने दरडावून विचारलं.

रंगारी शिडीवर होता. त्याने खाली पाहिलं. घामाने निथळणारी एक मुलगी, पाठीवर तिच्याएवढीच सॅक... आणि डोळे असे, की ओला रंग जागच्या जागी वाळावा.

“चौथी?” तो म्हणाला. “टाकी एकच आहे, मॅडम.”

आता तिचा पारा का चढला, ते ऐका. फरशांच्या दुकानातल्या या विक्रेतीने महिनाभराच्या पायी डोंगरमोहिमेत नाव घातलं होतं. आयोजकांची अट एकच – रविवार मावळायच्या आत ओझ्यासकट दिवसभराची चाल करून कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि आजच तो रविवार. त्यात घरी दादा म्हणाला, “कोपऱ्यावरच्या दुकानात रिक्षाने जाणारी तू, डोंगर पालथे घालणार?” त्या रागातच तिने सॅकमध्ये नमुन्याच्या फरशा कोंबल्या आणि वाट शोधत ती या टेकडीशी आली.

टेकडी तरी केवढी! माथ्यावर कोणी शिंकलं, तर पायथ्याचा दुकानदार रुमाल घेऊन वर येईल. पण खडकांवर पिवळेधमक बाण होते. ते पलीकडच्या डोंगररांगेत नेणार, अशी तिची खात्री. सकाळपासून ती त्यांच्यामागे चालली. माथ्यावर पाण्याची निळी टाकी लागली. मग झाडी, उतार, चढ... हिरवी टाकी. पुन्हा उतार, ओढा, चढ... करडी टाकी. प्रत्येक टाकीशी हाच रंगारी; सगळ्यांचं कंत्राट त्याचंच असेल, असं तिला वाटलं. तीन टेकड्या मागे टाकल्या म्हणून तिने स्वतःचीच पाठ थोपटली होती.

“एकेक बाजू रंगवतोय,” रंगारी शिडी उतरत म्हणाला. “करडी बाजू अजून रंगवायची राहिलीय. ही पिवळी.”

“आणि ते बाण?”

“माझेच. टेकडी लहान, चालायची हौस मोठी. म्हणून वाट टेकडीभोवती गुंडाळली... लोकर गुंडाळतात तशी.”

“तशी पाटी लावायची नाही?”

“लोक दुसऱ्या वळणालाच घरी जातात. शेवटपर्यंत आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

“मला तिकडे जायचं होतं.” तिने डोंगररांगेकडे बोट केलं. आवाज कापत होता – रागाने, रडू येऊन नव्हे; हे मी तिच्या वतीने सांगतो. “आता माझी जागा गेली.”

सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “जागा कशी जाईल? दिवसभर चाललात ना, ओझ्यासकट? रांगेत गेला असतात तर इतके चढ लागलेही नसते.”

तिने तिथेच आयोजकांना फोन लावला. जागा पक्की झाली. त्यामुळे ती अधिकच भडकली. भांडायला आलेल्या माणसाच्या हातातलं भांडणच काढून घ्यायचं, म्हणजे काय?

“तीनदा गेले मी इथून. एकदाही तोंड उघडवलं नाही?”

रंगाऱ्याचे कान लाल झाले. तसा लाल त्याच्या एकाही डब्यात नव्हता.

“पहिल्यांदा सांगणार होतो. पण तुम्ही कुणा दादाला झाडत होतात... मोठ्याने. दुसऱ्यांदा नीट ऐकू यावं म्हणून खाली उतरलो. तिसऱ्यांदा –”

“तिसऱ्यांदा काय?”

“ही परत येईल ना, असं वाटलं... मग वाळलेल्या जागेवरच ब्रश फिरवत बसलो.”

तिने हसू दाबलं. ते गालात जाऊन बसलं.

“एवढी हौस, तर मोहिमेला का नाही येत?”

“टाकी दिसेनाशी झाली की मला परत फिरावंसं वाटतं.”

“मग महिनाभर मी झाडायचं कुणाला? दगडांना?”

वारा सुटला होता, तिच्या बटा कपाळावर येत होत्या, आणि तो त्याच बघत होता.

“अजून उजेड आहे,” ती म्हणाली. “चला, पलीकडे उतरू.”

“तिकडे बाण नाहीत.”

“तोंड आहे ना? तीन वेळचं बोलणं राहिलंय तुमच्याकडे.”

त्याने डब्याला झाकण लावलं. पलीकडच्या उतारावर ती त्याला झाडतच होती... आणि तो दर वळणाला थांबत होता, एकही शब्द चुकू नये म्हणून.