हरणाबाईंची गुणाची सून

बेंदराच्या सणाला सकाळी पुरणाची पोळी तव्यावर फुटली आणि क्रांती उलथनं हातात धरून जी थिजली, ती थिजलीच...!

"अगं, पोळी फुटलीया, आभाळ न्हाई!" सासू हरणाबाई सोप्यातून ओरडल्या. "ऊठ, पावणं आल्यात."

पण तिला उठवेना. रहिमतपुरात या थोरल्या सुनेची कीर्ती अशी, की चंद्रावरच्या डागाचीही तिनं माफी मागितली असती आणि उजाडायच्या आत तो घासून काढला असता! धाकट्या जावेची धुणी, दिराचा डबा, शेजारणीच्या कुरडया... कुणीही मागावं आणि हिनं "व्हय" म्हणावं. नवरा विश्वजीत फौजेत; त्याला फोनवर "समदं ब्येस हाय". हरणाबाई तर एस्टीत अनोळखी बाईला गाठून सांगायच्या, "माझ्या सुनंच्या तोंडात 'न्हाई' हा शबुदच न्हाई!" त्या स्तुतीनं क्रांती धसकायची... उद्या जमलं नाही तर? कित्येक महिने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, घास गोड लागत नव्हता. आणि त्यातही तिला स्वतःचाच नालायकपणा दिसे.

"सोंगं नुसती!" धाकटी जाऊ स्वप्नाली पोळपाट ओढून घेत फणकारली.

दिवेलागणीला क्रांतीनं आपला लग्नातला शालू स्वप्नालीच्याच मांडीवर ठेवला. "तुला शोभंल. आन् गाभण म्हशीला कोमट पाणी देत जा... इसरू नगंस."

"आन् तुमी वो कुठं निघाला, आक्का?"

क्रांती नुसती हसली. त्या हसण्यानं दारातल्या हरणाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं! त्यांनी धावत येऊन तिला कवटाळलं.

"पोरी, काय आणलंस गं मनात?"

"आत्या, मी लय दमलेय वो... माझ्याबिगार तुमी समदी सुखात ऱ्हाशीला."

"असं बोलू नगंस, माझे बाय! जाणार न्हाईस न्हवं? माझ्यापाशी ऱ्हाशील न्हवं?"

"व्हय," क्रांती म्हणाली.

आणि त्या 'व्हय'वर हरणाबाईंचा जन्मात पहिल्यांदाच विश्वास बसला नाही. सुनेच्या पदराला त्यांनी आपल्या पदराची गाठ मारली, ती उजाडेपर्यंत सोडली नाही. आणि पहिल्या एस्टीनं तिला साताऱ्याला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"हा त्रास कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"चूक माझीच..." क्रांती पुटपुटू लागली. हरणाबाईंनी हात तिच्या ओठांवर ठेवला.

"न्हाई वो बाई," त्या म्हणाल्या. "मी गावभर हिचं कौतुक कराय लागले, तवापासनं."