दाबून धरलेलं बटण

रामराव गावंड्यांना ती संध्याकाळ नीट आठवते की नाही, याची आता त्यांनाच खात्री नाही. खोलीत कंदील होता की दिवा? पंखा होता, म्हणजे वीज असणारच. एवढ्याशा गोष्टीपाशीही ते अडखळतात. जन्म मोजमापात घालवलेला माणूस, रेडिओ लहरींवर डॉक्टरेट केलेला. पण स्वतःच्या कानांवर त्यांचा भरवसा उरलेला नाही.

काम साधंच होतं. महागावकडच्या जंगलात गस्त घालणाऱ्यांच्या बिनतारी बोलण्यात दिवेलागणीला भलतेच आवाज घुसायचे. कोणी रानडुकरांना शिव्या घालतंय, कोणी भाकरीचं विचारतंय. रामराव तेव्हा लहरींवर देखरेख करणाऱ्या खात्यात होते, निवृत्तीला टेकलेले. आवाजांचा माग काढत ते एका बंजारा तांड्यावर पोचले.

तांड्यातले लोक शेतात उंच माळ्यावर बसून जागल करायचे, म्हणजे पिकाची राखण. शिवार खोलगट, मोबाइलला रेंज नाही. म्हणून त्यांनी बाजारातून वॉकीटॉकीचे सेट आणले होते. त्याला परवाना लागतो, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तांड्याचे नाईक डोंगरसिंग यांनी साहेबांना घरात बसवलं, चहा दिला. बाया कापूस वेचून अजून परतल्या नव्हत्या. खोलीत सगळे बाप्येच, दाटीवाटीने उभे. बाहेर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या काड्यांची चूल पेटली होती, तिचा धूर आत येत होता आणि डोक्यावरचा जुना पंखा तो खरखरत सगळीकडे फिरवत होता.

रामराव समजावू लागले. ते याच जिल्ह्यातले, घरी वऱ्हाडीच बोलत वाढलेले. पण तिथे ते पुस्तकी बोलले. त्याचीही त्यांना लाज वाटते. ते म्हणाले, आकाशातली लहर ही शेतात जाणाऱ्या पांदणीसारखी असते. पांदण कोणा एकाची नसते, पण एकाने गाडी आडवी लावली की सगळ्यांच्या गाड्या अडतात.

डोंगरसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेब, आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून अर्धा मुलूख फिरले. वाटेत गाडी आडवी लावू नये, हे आमालेच शिकवता काय?"

खोली हसली. रामरावही हसले, पण ते हसू त्यांना लागलं. त्यांनी टेबलावरचा तांड्याचा सेट उचलला. तोंडी पटत नसेल तर करूनच दाखवतो, म्हणाले, आणि बटण दाबून धरलं. "हे बघा. आता मी बोट उचलेपर्यंत या लहरीवर दुसऱ्या कोणालाही बोलता येणार नाही. असंच तुमच्यामुळे गस्तवाल्यांचं होतं."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हसणं थांबलं होतं, माणसं ऐकत होती, आणि शिकलेल्या माणसाला स्वतःचा आवाज गोड लागतो. ते बोलत राहिले. आकाश सगळ्यांचं, म्हणाले. ज्याच्या हाती बटण त्यानं आधी ऐकावं, मग बोलावं, हेसुद्धा म्हणाले. बाहेर अंधार उतरत गेला.

तेव्हा तळहातातल्या सेटमधून बाईचा आवाज आला. हळू, अगदी जवळून.

"बोट उचल…"

रामरावांचं वाक्य क्षणभर लटकलं. बटण दाबलेलं असताना सेट बहिरा असतो. त्यातून काही ऐकू येऊच शकत नाही. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बोट उचल, भाऊ… पोरीले बोलू दे…"

त्यांनी समोर पाहिलं. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. वाक्य अर्धवट तोडलं तर ही माणसं पुन्हा हसतील, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी अंगठा आणखी घट्ट दाबला. पांदणीचं उदाहरण पुन्हा सांगितलं. कायद्यातली शिक्षाही सांगितली. मग बोट उचललं.

आधी नुसती खरखर. मग एक बारीक, थकलेला आवाज.

"बापू… साप… बापू…"

डोंगरसिंग चप्पल न घालताच शेताकडे धावले. जागलीला गेलेली त्यांची पोरगी वर्षा माळ्याच्या पायथ्याशी पडली होती, सेट छातीशी धरून. रामरावांनी सरकारी जीप यवतमाळला पिटाळली. जीव वाचला. पाय घोट्यापासून कापावा लागला. जरा आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले. डोंगरसिंग मात्र हात जोडून म्हणाले, "तुमची जीप होती म्हणून वाचली, साहेब." रामरावांनी ते जोडलेले हात खाली घेतले नाहीत. त्यांना हात लावायचा धीरच झाला नाही.

कारवाई त्यांनी केली नाही. पुढे परवाना न लागणाऱ्या लहरीचे सेट तांड्याला मिळतील, एवढं पाहिलं. आवाजाबद्दल कोणाला बोलले नाहीत. मनाचा खेळ, अशी स्वतःची समजूत घातली.

बऱ्याच वर्षांनी, म्हातारपणी, ते पुन्हा तांड्यावर गेले. माफी मागायची होती. वर्षा ओसरीत विजेच्या मशीनवर ब्लाउज शिवत होती. तिने त्यांना ओळखलं आणि हसली. "या काका. तुमचं भाषण अजून पाठ हाय मले. पांदण, आडवी गाडी… मी बटण दाबू दाबू थकली, अन् तुमी बोलूनच राह्यले."

रामराव ओसरीच्या कडेला टेकले. पुस्तकी भाषा गळून पडली. "पोरी… माह्याशिवाय आणखी कोणी बोलत होतं काय?"

"ते बाई ना? होती की. तुमच्या बोलण्याच्या मधामधात मले म्हणे, 'दम धर, माय… तो उचलते आता. उचलते…'"

"ओळखीची होती?"

"नाही बा. तुमच्यासंगच आली असन, असं वाटलं मले. तुमच्या मांगं पंखा खरखर करे, तसाच तिच्याबी मांगं."

रामराव उठून डोंगरसिंगांकडे गेले. ते आता थकले होते, पण त्यांना सगळं आठवत होतं. रामरावांनी फिरवून फिरवून विचारलं. त्या संध्याकाळी खोलीत एकही बाई नव्हती. खोली माणसांनी भरलेली होती, दारापर्यंत लोक उभे होते. फक्त साहेबांच्या शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावर कोणी का बसलं नाही, ते मात्र डोंगरसिंगांना सांगता आलं नाही.