शालनच्या झग्याची घडी

कळंबोलीत ट्रकांच्या पाठीवर मोर रंगवून सयाजीचा हात असा बसला होता, की कामोठ्यातल्या हिरामणशेठच्या हॉटेलची भिंत त्याला दोन दिवसांचं काम वाटली. शेठ बारा वर्षं जहाजावर होता. जपानहून आणलेलं चित्र त्यानं पुढ्यात ठेवलं: ढगांवर बसून विधीनं चहा पिणाऱ्या पाच बायका, वर दीर्घायुष्याचा सोनेरी सारस. हॉटेल चायनीज, चित्र जपानी. गिऱ्हाइकाला दोन्ही सारखंच. परदेशी चेहरे काही जमेनात, म्हणून शेवटच्या बाईला सयाजीनं सरळ आपल्या बायकोचा, शालनचा चेहरा दिला.

दुसऱ्या दिवशी तिच्या झग्याची घडी उलटी. डावी बाजू वर हवी, तर उजवी वर. आपलीच चूक समजून त्यानं ती सुधारली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटी. चौथ्या दिवशी तेच! शटरची चावी त्याच्याच खिशात, मग शिव्या तरी कुणाला द्यायच्या? घरी शालनचा ताप उतरेना, इथं हे. सयाजीनं ब्रश आपटला.

"शेठ, डोक्याची मंडई झाली या झग्यापायी!"

हिरामण जवळ आला आणि त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"असा नको ठेवू, पेंटर. तिकडं जित्या मानसाची डावी बाजू वर. उजवी वर... ती फक्त मढ्याला. आपल्यात दहाव्याला जानवा उलटा घेतान ना, तसाच हाय."

"ताप... कधीपासून आलाय तिला?" सयाजी स्वतःशीच पुटपुटला. चित्र सुरू केलं त्याच दिवसापासून.

त्यानं घाईघाईनं घडी सरळ केली, मग पत्रा घेऊन तो चेहरा प्लास्टरपर्यंत खरवडून काढला आणि धावत घर गाठलं. शालन उठून पेज पीत होती. कपाळ गार. तो बायकोसमोर पहिल्यांदाच रडला.

"अवो, रडताय कशापायी? बरी हाय मी," ती म्हणाली. "त्या चौघीबी गेल्या."

"कोण चौघी?"

"चार दिस उशाशी बसल्या व्हत्या... च्या पाजत. जाताना म्हनल्या, जागा रिकामी ऱ्हात नाय."

सकाळी त्यानं शटर उघडलं. खरवडलेल्या जागी चेहरा आला होता. झुपकेदार मिशी, तुटकी भुवई. रोज आरशात दिसायची तीच. सयाजीनं पत्रा उचलला. पण हा पुसला, तर त्या पुन्हा शालनकडे वळतील. त्यानं पत्रा खाली ठेवला.

झग्याची घडी अजून सरळ होती.