कोटवाले साहेब

सोमवारी दुपारी दीड वाजता पेणजवळच्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्याचं दार उघडं सापडलं. कुलूप कुणी तोडलं नव्हतं. किल्लीनं उघडून कडीला नीट अडकवलं होतं. आत सिंहासनावरच्या गणपतीचे तिन्ही साचे आडवे पडलेले. प्लास्टरची कवचं जागच्या जागी, आतलं रबर तेवढं गायब! आणि गणपती दोन महिन्यांवर.

"मेलो रे," म्हणत कारखान्याचे मालक हैबतरावशेठ तिथंच मातीत बसले.

कारखान्यात कुणी नव्हतं, कारण सगळे शेठच्या ओटीवर टीव्हीपुढं होते. दहा वर्षांपूर्वीची ती गुप्तहेराची मालिका दूरदर्शननं पुन्हा लावली होती, रोज एक ते दीड. तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही. जोह्यात ती ‘कोटवाले साहेब’. साहेब झोपतानासुद्धा कोट काढायचे नाहीत. शहाऐंशी साली या मालिकेनं असं वेड लावलं होतं की एका मंडळानं कोट घातलेला गणपतीच मागवला. मुख्य रंगारी रघूनं चार दिवस खपून त्या कोटाचा चॉकलेटी रंग घोटला. पुढं किती वर्षं तशा मूर्ती जात राहिल्या. शेठचा टीव्ही मात्र अजून तोच, लाकडी दारांचा, काळापांढरा. ‘चालतोय की!’ हे शेठचं त्यावर ठरलेलं उत्तर.

ओटीवर दोघंच नव्हते. एक रघू, तो रजेवर. दुसरा शिवा, आणि कारखान्याची किल्ली शिवाकडं असायची. दुसरी शेठच्या कमरेला.

मूर्तींचे डोळे रेखणारी वैशाली म्हणजे शिवाची थोरली बहीण. शिवा नव्या नोकरीसाठी डॉक्टरचा दाखला आणायला पेणला गेला होता. दवाखाना बंद, म्हणून एसटी स्टँडवर बसून राहिला. कोण बघणार त्याला तिथं? हवालदार मोकलांनी संध्याकाळी त्याला चौकीत नेऊन बसवला.

"उद्या संध्याकाळी पाचला जीप येईल," ते वैशालीला म्हणाले. "तोवर दुसरं काय निघालं नाय तर गुन्हा दाखल करावा लागंल."

"साहेब, परवा रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला हजर व्हायचंय त्याला! दोन वर्षं खेटे घातलेत ओ त्यानं."

"माझ्या हातात काय हाय गो?"

नाव एकदा पोलिसांच्या कागदावर चढलं की कंपनी दारातही उभं करत नाही, हे वैशालीला पुरतं ठाऊक होतं. आई बायजा रात्रभर चुलीपाशी बसून होती. भाकरीचा तुकडा कुणाच्या घशाखाली उतरला नाही.

मंगळवारी सकाळी मोकलांनी कारखान्यातच रघूला विचारलं. वैशाली ब्रश हातात धरून ऐकत होती.

"काल दुपारी कुठं होतास?"

"रोह्याजवळ अष्टमी गावात, बहिणीकडं. भावोजींना बरं नाय."

"एक वाजता काय करत होतास?"

"टीव्ही बघत होतो, साहेब. दिपिकानं नवा रंगीत घेतलाय."

"काय होतं टीव्हीवर?"

"आपले कोटवाले साहेब! खुन्याची चिठ्ठी त्यांनी चॉकलेटी कोटाच्या अस्तरात लपवली, आन् मंग दिवाणजीला पकडला."

"बरा ध्यानात राहतो तुझ्या रंगबिंग."

"रंगारी हाय साहेब. एकदा बघितलेला रंग मी विसरत नाय."

मोकलांनी दिपिकाच्या शेजारी फोन लावला. दिपिका म्हणाली, दादा सकाळपासून इथंच होता. झालं! उरला शिवा.

वैशालीला राहवेना. रघूकाकावर संशय घ्यायचा म्हणजे पाप वाटत होतं, पण दुसरं कुणी उरलंच नव्हतं. तिनं ब्रश ठेवला आणि पेण गाठलं. रोह्याची गाडी नागोठण्याला इतकी रेंगाळली की तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. पूल ओलांडून ती अष्टमीला पोचली तेव्हा एक वाजून गेला होता.

दिपिकानं दार उघडलं आणि तिचा चेहराच पडला. आत टीव्हीवर तीच मालिका चालू होती.

"तुझा दादा काल कधी आला गो?"

"सांगितलं ना पोलिसांना! सकाळी."

वैशाली पडद्याकडं बघतच राहिली. भांडायला आली होती, ते विसरली.

"टीव्हीचा रंग बरोबर लावलाय ना गो?"

"म्हणजे काय! नवाकोरा हाय."

मध्येच सरकारी जाहिरातीत झेंडा फडकला. केशरी केशरीच होता. वैशालीनं पाणीही घेतलं नाही, तशीच धावत स्टँडवर गेली.

पाचला जीप कारखान्यापुढं आली. मागं शिवा मान खाली घालून बसला होता. शेठ, रघू, सगळी माणसं दारात जमली.

"मोकलसाहेब, थांबा," वैशालीला धाप लागली होती. "चोरानं कवचं टाकली, नुसतं रबर नेलं. खरी मूर्ती रबरातून उठते, हे बाहेरच्याला कळंल काय?"

"शिवा पण आतलाच हाय."

"व्हय. पण शिवाच्या आधी चार वर्षं किल्ली रघूकाकाकडं होती. दुसरी करून घ्यायला किती वेळ लागतो?"

रघू हसला. "आन् मी तर अष्टमीला टीव्ही बघत होतो की गो."

"नव्हतास काका. साहेबांचा कोट हिरवा हाय."

सगळ्यांच्या माना रघूकडं वळल्या.

"आत्ता बघून आले मी. आपण जल्मभर शेठच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर बघितला. चॉकलेटी रंग तू तुझ्या मनानं दिलास आन् आपण सगळ्यांनी तोच खरा धरला. काल कुणी मला इचारलं असतं, तर मी पण चॉकलेटीच म्हणाले असते. पण रंगीत टीव्हीवर बघितलेला माणूस तसं म्हणंल? तू तर रंग विसरत नायस. मालिका जुनी, गोष्ट सगळ्यांना पाठ, म्हणून तुझं निभावलं."

मोकल रघूजवळ गेले. "रोह्याला फोन लावतो. बहिणीच्या घराची झडती घेऊ दे."

"नको," रघू पुढं झाला. "तिच्या घरात शिरू नका. माळ्यावर हायती, गोणीत. तिला मीच खोटं बोलायला लावलं."

"का रं रघू?" शेठनं विचारलं.

"ती मूर्ती माझ्या बापानं घडवली, शेठ. नाव तुमचं झालं. अष्टमीला जागा बघितली व्हती मी, स्वतःचा कारखाना टाकायला." मग तो वैशालीकडं वळला. "शिवावर येईल असं नव्हतं वाटलं गो."

"आलं ना? मंग काल गप का बसलास?"

शिवा खाली उतरला आणि त्याच जागेवर रघू चढून बसला. बसताना त्यानं हळूच विचारलं, "कसला हिरवा गो?"

"शेवाळी," वैशाली म्हणाली.

त्यानं मान हलवली. जीप शेताच्या कडेनं निघून गेली.

"ताई," शिवा म्हणाला, "सायकल मला त्यानंच शिकवलेली."

"मला ब्रश धरायला," वैशाली म्हणाली, आणि दोन दिवस आवरलेलं रडू तिला तिथंच, सगळ्यांदेखत फुटलं.